संगणकाचे विचित्र बिघाड आणि दुकानदाराची खबरदारी

व्यापारी बंधूंनो, आज आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानात संगणक आला आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हापासून तर लहान दुकानदारालाही त्यावाचून चालेनासे झाले. वही आपण पिढ्यान्‌पिढ्या हाताळत आलो. वहीला वाळवी लागली, पान भिजले, तर ते डोळ्यांना दिसते. संगणकाचे तसे नाही. तो बिघडतो तेव्हा कधी कधी असा बिघडतो की, माणसाची मतीच गुंग होते. मग कोणी म्हणतो यंत्रच मनहूस आहे, कोणी नवीन यंत्र विकत घेतो, आणि कोणी आपल्याच माणसावर संशय घेतो. ही तिसरी चूक आमच्या हातून घडली. म्हणून आमचा तजुर्बा येथे मांडत आहोत.

आमचे कापडाचे दुकान पाचाड येथे, रायगड किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. माल आणायला महाडला जावे लागते, ते अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. जून महिना म्हणजे आमचा हंगाम. शाळेचे गणवेश, रेनकोट, छत्र्या यांची गर्दी असते. त्याच दिवसांत पाऊस सुरू होतो आणि सुरुवातीचा पाऊस विजा घेऊनच येतो.

सन २०२२ च्या जून महिन्यातील ही गोष्ट. रात्री दुकान बंद करताना आम्ही दिवसाच्या विक्रीचा कागद छापून रोकड जुळवतो. एके दिवशी गल्ल्यात बिलांपेक्षा सुमारे तीन हजार रुपये जास्त निघाले. संगणकात आदल्या दिवसाची विक्री पाहिली, तर ती आदल्या रात्री छापलेल्या कागदापेक्षा तेवढ्याच रकमेने वाढलेली! म्हणजे बंद केलेल्या दिवसाच्या हिशेबात कोणीतरी नंतर बिले घातली होती. चार-पाच दिवसांनी पुन्हा तसेच झाले, नंतर पुन्हा एकदा.

तिन्ही वेळा सकाळी आम्ही महाडला गेलो होतो आणि गल्ल्यावर आमच्याकडे काम करणारा मुलगा एकटा होता. आम्ही दुकानात असलो की सर्व ठीक चाले. आमच्या मनात आले की, हा आजची बिले मागच्या तारखेत टाकतो, म्हणजे आजची रोकड जास्त दिसेल आणि ती संधी मिळताच खिशात जाईल. आम्ही दुकानातील दोन शिंप्यांसमोर त्याला उलटसुलट प्रश्न विचारले. तो एवढेच म्हणाला, "शेठ, मी तारखेला हातही लावला नाही." आमचा विश्वास बसला नाही. आठवडा संपला की त्याला कामावरून कमी करायचे, असे आम्ही ठरवले.

त्याच आठवड्यात एक मावशी गणवेश बदलून घ्यायला आल्या. बिलावर वेळ होती रात्रीचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. आम्ही नऊ वाजता कुलूप लावतो. विचारले तर त्या म्हणाल्या, "अहो शेठ, रात्रीची कुठली? आम्ही सकाळच्या एसटीने आलो होतो, दुकान उघडल्या उघडल्या." त्यांच्या बिलावरची तारीखही आदल्या दिवसाची होती.

मग आम्ही ते यंत्र महाडच्या एका कारागिराला दाखवले. त्याने पेटी उघडून आतला रुपयाच्या नाण्याएवढा बटन सेल काढला, मोजला, आणि सर्व उलगडा केला.

संगणक बंद असला तरी त्याच्या आतले घड्याळ चालू राहावे लागते. त्यासाठी मुख्य पट्टीवर, म्हणजे मदरबोर्डवर, तीन व्होल्टचा एक सेल बसवलेला असतो. बहुतेक यंत्रांत तो सीआर २०३२ या क्रमांकाचा असतो. पेटीला भिंतीतली वीज मिळत असेल, तर संगणक बंद असतानाही घड्याळ त्या विजेवर चालते आणि सेल खर्च होत नाही. मेन स्विच पाडला की सगळा भार सेलवर येतो. काही वर्षांनी सेल कमजोर होतो. पुरता संपला तर घड्याळ एखाद्या जुन्याच वर्षाच्या १ जानेवारीला जाऊन बसते आणि ते लगेच ध्यानात येते. परंतु अर्धवट कमजोर झालेला सेल जास्त फसवतो. घड्याळ रात्री जिथे थांबले तिथेच अडकून पडते आणि सकाळी वीज मिळताच तिथूनच पुढे चालू लागते.

आमच्याकडे हेच झाले. एरवी आम्ही मेन स्विच पाडत नाही. विजा चमकू लागल्या की मात्र पाडतो. त्या रात्री घड्याळ नऊ वाजता थांबे. सकाळी साडेनऊला दुकान उघडले की संगणकाच्या लेखी अजून आदल्या रात्रीचे नऊच वाजलेले असत आणि सकाळची सर्व बिले आदल्या तारखेत जमा होत. आम्ही महाडहून परतलो की आमच्या मोबाईलचे नेट संगणकास मिळे आणि तो आपली वेळ स्वतःच दुरुस्त करून घेई. म्हणून आमच्यादेखत सर्व ठीक दिसे. मुलाचा यात काडीचाही दोष नव्हता.

नवा सेल पन्नास रुपयांच्या आत मिळाला. ज्या दोघांसमोर त्याला बोललो होतो, त्या दोघांसमोरच आम्ही त्याची माफी मागितली. तो आजही आमच्याकडे आहे. पण ती मावशी गणवेश बदलायला आली नसती, तर एका गरीब घरच्या मुलाची रोजी गेली असती आणि चोरीचा डाग गावभर त्याच्या मागे लागला असता. ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

यानंतर आम्ही कारागिरांना विचारून आणि स्वतः पाहून अशा बिघाडांची माहिती जमवली. आपल्या धंद्यात वारंवार येणारे काही प्रकार पुढे देत आहोत.

चुंबक : एका शिंप्याच्या दुकानी लॅपटॉप मधूनच झोपी जाई, पडदा काळा होई. लॅपटॉपचे झाकण मिटले की नाही, हे ओळखण्यासाठी झाकणाच्या कडेला लहानसे चुंबक आणि खालच्या भागात त्याला ओळखणारा हॉल सेन्सर नावाचा भाग असतो. (अमेरिकी शास्त्रज्ञ एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेल्या गुणधर्मावर तो चालतो.) आपले शिंपी टाचण्या ठेवण्यासाठी चुंबकाची वाटी वापरतात. ती कळफलकाशेजारी ठेवली की लॅपटॉप समजतो झाकण मिटले! वाटी दूर ठेवणे, एवढाच इलाज.

इस्त्री आणि मोटर : इस्त्री किंवा शिलाई मशीनची मोटर चालू करताच संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो, ही तकरार सर्वत्र आहे. इस्त्री हजार वॅट किंवा अधिक वीज ओढते, मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ओढते. वायर बारीक किंवा जोड ढिला असेल, तर तेवढ्यात व्होल्टेज खाली जाते. संगणकासाठी मुख्य फळ्यावरून वेगळी वायर घ्यावी आणि मध्ये यूपीएस बसवावा. मात्र दुकानातले काही दिवे एकाएकी जास्त तेज आणि काही मंद झाले, तर न्यूट्रल सुटल्याची शक्यता असते. अशा वेळी मेन स्विच ताबडतोब पाडून वायरमनला बोलवावे. २३० व्होल्टच्या जागी त्याहून पुष्कळ जास्त वीज येऊन सर्व यंत्रे जळू शकतात.

हाताला मुंग्या येणे : लोखंडी पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. याचे मुख्य कारण अर्थिंग नसणे किंवा सुकणे. पाचाडसारख्या खडकाळ जागी चैत्र-वैशाखात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचे काम मंदावते. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहावे आणि वर्षातून एकदा वायरमनकडून तपासून घ्यावे. हा प्रश्न यंत्राचा नाही, जिवाचा आहे.

दमट हवा : आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल सुटते. चार-आठ दिवस बंद राहिलेला संगणक सुरू केला की नुसता बीप-बीप आवाज येतो, पडद्यावर काही उमटत नाही. पुष्कळदा रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर ओलीने थर धरलेला असतो. प्लग काढून, पट्टी अलगद बाहेर घेऊन, पेन्सिलच्या स्वच्छ खोडरबराने दात पुसून ती परत बसवली की यंत्र चालू होते. हात घालण्यापूर्वी पेटीच्या लोखंडाला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. पावसाळ्यात रोज तासभर तरी संगणक चालू ठेवावा. आतल्या उबेने ओल धरत नाही.

कापडाची रोवण : कापडाच्या दुकानात तंतू उडतात. ते पंख्यात आणि जाळीत बसून वाकळेसारखा थर होतो. आत उष्णता वाढली की यंत्र स्वतःचा बचाव म्हणून बंद पडते. दर दोन-तीन महिन्यांनी मऊ ब्रशने सफाई करावी. संगणक ताग्यांच्या फळीखाली किंवा कात्रीकामाच्या टेबलाजवळ ठेवू नये.

किडा-मुंगी : पाल, मुंग्या, झुरळे उबेसाठी पेटीत शिरतात आणि दोन तारांमध्ये अडकून मरतात. ही गोष्ट नवी नाही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या अवाढव्य गणकयंत्राच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने डकवून ठेवला. ती वही आज तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पेटीच्या मागील रिकाम्या फटी जाळीने बंद कराव्यात.

बंधूंनो, या सर्वांहून अजब एक गोष्ट बेल्जियम देशात घडली. १८ मे २००३ च्या निवडणुकीत ब्रुसेल्सच्या शारबेक भागात संगणकाने एका उमेदवाराला मिळणे शक्यच नव्हते इतकी मते दाखवली. फेरमोजणी केली, तेव्हा बरोबर ४,०९६ मते जास्त निघाली. संगणक आकडे दुपटीच्या घरांत लिहितो, म्हणजे १, २, ४, ८, १६ असे. त्यातील तेरावे घर ४,०९६ चे. ते एकच घर आपोआप शून्याचे एक झाले होते. अवकाशातून येणाऱ्या किरणांच्या कणाने हे झाले असावे, असा जाणकारांचा अंदाज आहे, तो सिद्ध झालेला नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की, चूक पकडली ती बेरीज अशक्य दिसली म्हणून. मोजदाद करणारे सावध होते. आपणही रोजचा मेळ कागदावर घेतला, तर यंत्राची चूक दुसऱ्याच दिवशी उघडी पडते.

आता इलाजाची रीत. दुकानात संगणकाशेजारी एक साधी वही ठेवावी. बिघाड झाला की चार गोष्टी लिहाव्यात : दिवस आणि वेळ, हवा कशी होती, विजा होत्या का, त्या क्षणी कोणते यंत्र चालू किंवा बंद केले, आणि अलीकडे कोणती वस्तू जागेवरून हलवली. तीन-चार नोंदी झाल्या की मेळ दिसू लागतो. आम्ही अशी वही ठेवली असती, तर "आदल्या रात्री विजा, मेन स्विच पाडला" हे तिन्ही वेळा लिहिलेले सापडले असते. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी : दुसरा प्लग, दुसरी केबल, दुसरी जागा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर यंत्र सुरू होईलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि कारागिराचे बिल मात्र चारही गोष्टींचे येईल.

शेवटी एक गोष्ट. हिशेबाची दुसरी प्रत दुकानाबाहेर ठेवावी. जुलै २०२१ च्या महापुरात महाडचा बाजार पाण्याखाली गेला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. भिजलेले यंत्र चालते की नाही हे पाहण्यासाठी लगेच वीज देऊ नये. वाचण्यासारखा भागही त्याने जळतो. प्लग काढून, पुसून, सुकवून कारागिराकडे द्यावे. आणि दर आठवड्याला उधारीची यादी व बिले पेन ड्राइव्हवर घेऊन घरी, उंच जागी ठेवावीत.

यंत्राचे नुकसान भरून निघते. आपल्याकडे काम करणाऱ्याची इज्जत गेली, तर ती पन्नास रुपयांच्या सेलने परत येत नाही. म्हणून हिशेब चुकला की पहिल्यांदा बिलावरची वेळ आणि तारीख पाहावी, भिंतीवरच्या घड्याळाशी ताडावी, आणि मगच कोणाला काही विचारावे.