सीताखाईच्या काठावरून

शहाद्याहून तोरणमाळला जाणारी वाट सपाट काळ्या रानातून निघते आणि सातपुड्याच्या पायथ्याशी येताच एकाएकी उभी चढू लागते. या एकाएकीपणातच पर्वताचा सारा पूर्वेतिहास साठलेला आहे, हे मात्र पूर्वी धुळे जिल्ह्यात मोडणाऱ्या आणि १९९८ पासून नंदुरबारच्या दप्तरी लागलेल्या या मुलखात, सुमारे १,१५० मीटर उंचीच्या पठारावर चढून सीताखाईच्या काठाशी उभे राहिल्यावाचून उमगत नाही.

खाईच्या कड्यांत काळ्या पाषाणाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील भेगांवाटे वर आलेला शिलारस थिजून हे थर बनले. थराचा गाभा घट्ट, म्हणून तो कडा होऊन उभा राहतो, आणि माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र, म्हणून तो झिजून त्याची उतरण होते. असा सच्छिद्र दगड हाती घेऊन निरखावा: त्याच्या वाटाण्याएवढ्या पोकळ्यांत मागाहून पाझरलेल्या पाण्याने पांढऱ्या स्फटिकांचे दाणे भरून ठेवलेले आढळतात.

परंतु थर साचले एवढ्याने पर्वत झाला नाही. उत्तरेस नर्मदेची आणि दक्षिणेस तापीची भूमी प्राचीन भ्रंशरेषांवरून खचली, मधला पट्टा उंच राहिला, आणि त्याच्या कडेवरून वेगाने कोसळणाऱ्या पावसाळी ओढ्यांनी तो चिरत नेला. सीताखाई ही त्यांचीच करणी. १,३२५ मीटर उंचीचा अस्तंभा डोंगर या चिरण्यातून उरलेला. भाळीच्या जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा तिथे भटकतो, या श्रद्धेने दिवाळीत हजारो भाविक त्याचा माथा गाठतात. ती चढण ज्यांनी पायांखाली घातली, त्यांना सातपुड्याची उंची आकड्यांत सांगावी लागत नाही.

त्याच भ्रंशाची खूण पूर्वेकडे, जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, अडावदजवळच्या उनपदेवाला पाहावी. तिथे दगडी गोमुखातून ऊन पाणी अखंड पडते. खोल मुरलेले पाणी भूगर्भाची ऊब घेऊन भेगांच्या वाटेने परत येते. यावल-रावेरकडे पर्वतातून सुटलेले ओढे पायथ्याशी दगडगोट्यांचा पसारा टाकतात आणि त्यातच जिरून जातात. केळीचे मळे या जिरलेल्या पाण्यावर पोसले. उपसा वाढला तशी पातळी खाली गेली, आणि याची काळजी या मुलखातल्या प्रत्येकाने करावी अशी वेळ आली आहे. तिथे विहीर खोल नेताना बादलीतून वर येतात ते गोटे सातपुड्याच्याच काळ्या पाषाणाचे, वाहून वाहून गुळगुळीत झालेले.