दारची जास्वंद

गणपतीला दारचीच जास्वंद वाहावी, ही आपली हौस जुनीच. पण कळ्या उमलण्यापूर्वीच गळतात, ही तक्रारही तितकीच जुनी. याचे कारण पुष्कळदा मुळांशी असते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कुंडीचे छिद्र बुजले म्हणजे पाणी साचते, मुळे गुदमरतात आणि झाड कळ्यांचा भार टाकून देते. माती ठणठणीत कोरडी पडली, तरी परिणाम तोच. म्हणून वरची बोटभर माती सुकली की भरपूर पाणी द्यावे. नुसते ओंजळभर शिंपडू नये.

जास्वंदीचे फूल बहुधा एका दिवसाचे, आणि ते येते नव्या फुटीवर. तेव्हा छाटणीस आपण भिऊ नये. शेंडा कापला की खालचे डोळे फुटतात. फांद्या वाढतात, तशा कळ्याही. रोज ५-६ तास ऊन मात्र हवेच.

फांदीवर मुंग्यांची रांग दिसताच आपण मुंग्यांवर तुटून पडतो. खरा शत्रू कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण होय. तो रस शोषून गोड स्राव टाकतो, आणि त्या गोडीसाठी मुंग्या त्याची राखण करतात. साबणाच्या सौम्य पाण्याने त्यास वरचेवर धुऊन काढावे. एवढे करून पाहिल्यावाचून झाड उपटण्याची घाई आपण करू नये.