पर्वतरांग आडवी चिरणारी झांस्कर

नदी डोंगराला वळसा घालून जाते, असे आपण धरून चालतो. लडाखमधली झांस्कर मात्र अख्खी पर्वतरांग आडवी चिरून पलीकडे जाते.

पेन्सी ला खिंडीजवळच्या द्रांग-द्रुंग हिमनदीतून निघालेली स्तोद आग्नेयेकडे वाहते. दुसऱ्या टोकाकडून त्साराप वायव्येकडे येते. समोरासमोर आलेल्या या दोन नद्या पदुमजवळ, सुमारे ३,६०० मीटर उंचीवर, एकमेकींना मिळतात आणि तिथून झांस्कर सुरू होते. समुद्र दक्षिणेला, पण तिकडे मुख्य हिमालयाची भिंत उभी! म्हणून ही नदी ईशान्येकडे वळते आणि खोल घळ कापत झांस्कर रांगेत शिरते.

या घळीचे कडे म्हणजे टेथिस समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ. भारताची भूमी आशियाला धडकली, तेव्हा त्या थरांना घड्या पडल्या आणि ते आभाळाकडे उचलले गेले. पर्वत उंचावत होता आणि पाणी तो कापत होते. एकेकाळचा समुद्रतळ आज तीन हजार मीटरांहून उंचावर नदीच्या दोन्ही काठांना उभा आहे!

पावसाळी ढग हिमालयापलीकडेच अडतात. त्यामुळे हिला पाणी मिळते ते मुख्यतः बर्फाचे. कडक ऊन पडले की पूर चढतो, आभाळ भरून आले की ओसरतो. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली जातो आणि प्रवाहावर बर्फाची ‘चादर’ धरते. खाली पाणी वाहतच असते. खिंडी बंद झाल्या की झांस्करी लोक याच चादरीवरून चालत लेहच्या बाजाराला लोणी नेत. गाड्यांचा रस्ता होण्याआधी हिवाळ्यात घळीतून जायची हीच वाट होती.

निम्मूला झांस्कर सिंधूला मिळते. उन्हाळ्यात तिथे बहुधा हिचेच पाणी सिंधूहून जास्त असते.

आता पुन्हा उगमाकडे वळू. त्सारापला पाणी देणारी युनाम नदी बारालाचा ला खिंडीच्या उत्तर उतारावरून येते. त्याच खिंडीच्या दुसऱ्या उतारांवरून चंद्रा आणि भागा निघतात, तांदीला मिळून चिनाब होतात आणि पंजाबच्या मैदानातून शेवटी सिंधूलाच मिळतात. खिंडीवर पडलेला हिमकण वाऱ्याने हातभर इकडे गेला तर लडाखची वाट धरतो, तिकडे गेला तर लाहौलची. दोन्ही वाटांमध्ये शेकडो किलोमीटरचे पर्वत आहेत, तरी दोन्ही पोहोचतात सिंधूलाच.