ब्लॉक हीटरवर येणारा आळ

कॅनडाच्या सस्कॅचेवान आणि मॅनिटोबात, अमेरिकेच्या नॉर्थ डकोटात जानेवारीत पारा उणे 30 अंशांपर्यंत उतरतो. तिथल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या जाळीतून एक वायर लोंबत असते. ती विजेला जोडली की कूलंटमध्ये बुडालेला ब्लॉक हीटर इंजिन ऊबदार ठेवतो. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांना इंजिन हीटरचं पेटंट 1949 मध्ये मिळालं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेनं डिझेल पेटतं. लोखंड गारठलेलं असलं की ते ही उष्णता शोषून घेतं, आणि ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरतंही जड.

सगळ्यात पक्का गैरसमज असा : रात्रभर वायर लावली, तरी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, म्हणजे हीटर जळला. मग कूलंट काढून नवा हीटर बसवला जातो आणि दुसऱ्या पहाटे तीच रड. खरं तर हीटरची परीक्षा पाच मिनिटांत होते. आधी सॉकेटमध्ये वीज आहे का ते टेस्ट लॅम्पनं पाहा. मग इंजिन गार असताना प्लग काढून त्याच्या दोन मुख्य पिनांना मल्टिमीटर लावा. उत्तर अमेरिकेतल्या 120 व्होल्टच्या पुरवठ्यावर 1000 वॉटचा हीटर साधारण 14 ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल, तर सर्किट तुटलंय. पण लगेच हीटरला दोष देऊ नका. वायर हीटरपासून सोडवा आणि थेट त्याच्या टोकांवर मोजा, कारण घासून, वाकून, गंजून वायरच आधी जाते. शेवटी मीटरचं एक टोक पिनेला, दुसरं इंजिनच्या धातूला लावा. इथे मात्र जोडणी दिसता कामा नये. दिसली तर एलिमेंटमधून गळती आहे आणि सर्किट ट्रिप होत असेल, तर ते म्हणूनच. ट्रिप थांबवायला अर्थिंगची पिन कापणारे लोक भेटतात, त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की असं करू नका. ओल्या बर्फात उभा राहून ट्रॅक्टरला हात लावणारा माणूसच मग अर्थिंग होतो.

लांब, बारीक एक्स्टेन्शन वायर हाही छुपा दोषी. दाब 120 वरून 108 व्होल्टवर आला, म्हणजे फक्त दहा टक्के पडला, तरी उष्णता जवळपास 19 टक्क्यांनी घटते.

काही हीटर ब्लॉकमध्ये नसतात, कूलंटच्या होजला जोडलेल्या छोट्या टाकीत असतात. त्यांची परीक्षा हातानंच होते. एक होज चटका देणारा आणि दुसरा गार असेल, तर आत हवा अडकलीय किंवा कूलंट कमी आहे. असा हीटर चालूच ठेवला तर तो खरोखर जळतो.

हीटर ठीक निघाला, तर दोष दुसरीकडे शोधायचा. ब्लॉक हीटर बॅटरी गरम करत नाही आणि डिझेलच्या टाकीलाही त्याची ऊब पोचत नाही. थंडीत बॅटरीची ताकद बरीच घटते, डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बंद होतं. मेण गोठू नये म्हणून वापरायचं अॅडिटिव्ह थंडी पडण्याआधी टाकायचं असतं. एकदा मेण जमलं की ते त्यानं विरघळत नाही.

‘वाऱ्यामुळे उणे 40 जाणवतंय, इंजिनही तेवढंच गारठणार’ हेही खरं नाही. हवा उणे 25 असेल, तर इंजिन त्याखाली जात नाही. वारा फक्त त्याला लवकर गार करतो. शुद्ध अँटिफ्रीझ ओतलं की जास्त संरक्षण मिळतं, हा समज तर महागात पडतो : निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपासच गोठतं, निम्मं पाणी मिसळलं की उणे 37 पर्यंत टिकतं. हीटर रात्रभर ठेवायचीही गरज नसते, बहुतेक इंजिनांना दोन ते चार तास पुरतात. टायमर लावावा.

आणि इंजिन पटकन पेटावं म्हणून मारला जाणारा ईथरचा फवारा. ग्लो प्लग किंवा हवा तापवणारा ग्रिड हीटर असलेल्या इंजिनात तो मारला, तर ईथर वेळेआधीच पेटतं. इनटेक फुटू शकतो, पिस्टन मोडू शकतो. आधी मॅन्युअल वाचा.

महिंद्राचे ट्रॅक्टर 1994 पासून अमेरिकेत विकले जातात, त्यामुळे ओळखीच्या नावाच्या ट्रॅक्टरलाही तिथे ही वायर दिसते. म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या द्राक्षबागायतदारानं ती मागवायला नको. निफाडचा पारा कडाक्याच्या पहाटे चार-पाच अंशांवर येतो. तेवढ्यात धडधाकट डिझेल इंजिन सुरू व्हायलाच हवं. सेल्फ मंद फिरत असेल, तर बॅटरीची टोकं घासून घट्ट करा, अर्थची पट्टी पाहा. सेल्फ जोरात फिरूनही इंजिन पेटत नसेल, तर आपल्या मॉडेलला हीटर प्लग, म्हणजेच ग्लो प्लग, आहे का ते आधी पाहा, कारण थेट इंजेक्शनच्या बऱ्याच इंजिनांना तो नसतोच. असेल तर तो तपासा, नसेल तर डिझेल लाइनमधली हवा काढा.