वाकलेला आसदंड : निदान आणि बदल

बैलगाडीचा आस फिरत नाही. चाक त्याच्याभोवती फिरते. ओझ्याखाली तो किंचित वाकला तरी त्याचा बाक एकाच दिशेस राहतो, खालची बाजू सतत ताणलेली आणि वरची सतत दाबलेली असते. मोटारीच्या मागील आसदंडाची स्थिती याहून मूलतः भिन्न आहे. तो चाकाबरोबर फिरत असल्यामुळे, त्याच्यावर गाडीचा भार असेल तर त्याच्या पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला व एकदा दाबला जातो. चाकाचा व्यास ०.७ मीटर धरल्यास घेर सुमारे २.२ मीटर होतो. छत्रपती संभाजीनगर ते पुणे या सुमारे २३५ किलोमीटरांच्या एका प्रवासातच असे एक लाखाहून अधिक फेरे होतात. १८४२ च्या मे महिन्यात व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून मोठी प्राणहानी झाली, आणि पुढे प्रशियातील रेल्वे-अभियंता ऑगस्ट व्होलर याने फिरत्या दांड्यांवर दीर्घकाळ प्रयोग करून ही धातूची थकवण मोजून दाखविली. मोटारीचा आसदंड हा त्याच प्रश्नाचा वारसदार होय.

गॅरेजमध्ये ‘ॲक्सल गेला’ असे सरसकट म्हटले जाते. हा शब्दप्रयोग फार सैल आहे. कारण भार कोण वाहतो हे ठरल्याशिवाय काय वाकले हे ठरत नाही. मोटारी व जीप-जातीच्या बहुतेक वाहनांत आसदंड ‘सेमी-फ्लोटिंग’ पद्धतीचा असतो. तेथे चाक थेट दंडाच्या बाहेरील टोकास जोडलेले असते आणि दंडाला पीळ व बाक दोन्ही सोसावे लागतात. ग्रामीण मार्गांवर क्षमतेहून अधिक प्रवासी घेऊन खड्ड्यांतून जाणाऱ्या काळी-पिवळी जीपचा दंड वाकतो तो बाहेरील बेअरिंगजवळ, ते याच कारणाने. एस. टी. बस व मालट्रक यांची रचना ‘फुल-फ्लोटिंग’ असते : चाकाचा हब दोन बेअरिंगांवर थेट हाउसिंगच्या नळीवर बसतो, आणि दंडाकडे केवळ पीळ उरतो. चिकलठाणा येथे राज्य परिवहन महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक आहे. तेथे येणाऱ्या बसचा दंड आणि रस्त्याकडेच्या गॅरेजात येणाऱ्या जीपचा दंड यांना एकच नाव असले तरी त्यांचे काम एक नव्हे. बसचा दंड तुटला तर गाडी जागीच थांबते, चाक हबवर राहते. जीपचा तुटला तर चाक दंडाच्या तुकड्यासह बाहेर निघू शकते.

निदानाचा आरंभ वाहन चालत असतानाच होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने उपरोक्त चाक सेकंदास साडेसात फेरे घेते; प्रॉपेलर शाफ्ट मात्र, अंतिम गुणोत्तर चार असेल तर, सुमारे तीस. आसनाखालून जाणवणारा हेलकावा मंद असेल व गिअर बदलूनही त्याच वेगास तसाच राहत असेल, तर दोष चाकाच्या बाजूस आहे. बारीक, झणझणीत कंप असेल तर प्रॉपेलर शाफ्टकडे पाहावे. मागील चाके उजवी-डावी बदलून पाहावी. दोष चाकाबरोबर सरकला तर डिस्क ‘आउट’ आहे, दंड नव्हे.

यापुढची पायरी अनेकदा गाळली जाते. वाकलेला दंड चाकाबरोबर फिरतो, म्हणून चाक डुलते. वाकलेली हाउसिंग फिरत नाही. चाक डुलत नाही, ते कायमचे एका बाजूस कलते आणि टायर एकाच कडेने झिजतो. फिरणारा बाक व स्थिर बाक यांतील हा भेद ओळखला नाही तर नवा दंड वाकड्या हाउसिंगमध्ये बसविला जातो. मग सरळ दंडालाही प्रत्येक फेऱ्यात जबरीने वाकावे लागते, आणि थोड्याच काळात तोही तुटतो. एकाच बाजूचा दंड वारंवार तुटत असल्यास पोलादाला दोष देण्यापूर्वी हाउसिंग तपासावी.

ड्रम काढून फ्लँजच्या मुखावर डायल गेज लावावा व दंड हळू फिरवावा. बेअरिंगमध्ये ढिलेपणा असल्यास हे वाचन निरर्थक ठरते, म्हणून तो आधी पाहावा. दंड बाहेर काढल्यावर व्ही-ब्लॉकवर पुन्हा मापन करावे. येथे काट्याचे पूर्ण भ्रमण हे मध्यरेषेच्या विचलनाच्या दुप्पट असते, ही गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात. दंड सरळ व फ्लँजच वाकडी, असेही आढळते. ग्राह्य मर्यादा त्या वाहनाच्या निर्मात्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावी.

वाकलेला दंड प्रेसखाली सरळ करण्याचा मोह स्वस्ताईचा आहे. कारखान्यात कठिणीकरणानंतर दंड सरळ करतात हे खरे. पण तेथे त्यानंतर तडांची तपासणी होते. गॅरेजातील प्रेसखाली कठीण पृष्ठभागास न दिसणारी तड जाते, आणि सरळ झालेल्या दंडात अवशिष्ट ताण राहतो. उष्णता दिल्यास तर कठिणपणाच नष्ट होतो. म्हणून बदल हाच उपाय.

सेमी-फ्लोटिंग दंड काढताना पुढच्या चाकांना अडसर लावून हाउसिंग जॅकवर उचलावी, पण काम स्टँडवरच करावे. रिटेनरचे बोल्ट काढून सरकत्या हातोड्याच्या पुलरने दंड ओढावा. दंड तुटलेला असल्यास आतील तुकडा डिफरन्शिअलमधून काढल्याविना पुढे जाऊ नये. डाव्या-उजव्या दंडांची लांबी भिन्न असू शकते. स्प्लाइनांची संख्याही जुळवून घ्यावी. बेअरिंग व त्याची कॉलर नवीच वापरून प्रेसने बसवावी, ऑइल सील बदलावे, आणि स्प्लाइनांनी सीलची कड कापली जाऊ नये म्हणून दंड आडवा आधार देऊन आत सरकवावा. फुल-फ्लोटिंग दंड फ्लँजचे नट काढताच, चाक जमिनीवर असतानाही, सरळ बाहेर येतो.

तेलाची पातळी पूर्ववत करून, ड्रम चढविण्यापूर्वी फ्लँजवर डायल गेज पुन्हा लावावा. काढलेला दंड भंगारात देण्यापूर्वी मधोमध कापावा; अन्यथा तो सरळ होऊन, रंग लावून, दुसऱ्या एखाद्या जीपखाली परत येतो.