गाडीची काच खरंच झिजली आहे का? आधी तपासा, मग घासा



बाष्पीभवन शिकवताना आपण मिठागराचं उदाहरण हमखास देतो. समुद्राचं पाणी उन्हाने उडून जातं, मीठ खाली राहतं. अगदी हेच रोज आपल्या गाडीच्या काचेवर घडत असतं. बोअरच्या पाण्याने गाडी धुतली आणि तशीच उन्हात सोडली, की पाणी उडतं आणि त्यातले क्षार काचेला चिकटतात. दर आठवड्याला एक थर. वर्षभराने काच धुरकट दिसू लागते आणि आपण म्हणतो, "काच जुनी झाली, आता बदलावी लागणार."

बहुतेक वेळा काच जुनी झालेली नसते. तिच्यावर काहीतरी बसलेलं असतं. हा फरक ओळखता आला तर पैसे वाचतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रात्री समोरचं नीट दिसतं. दिवसा अशी काच ठीकठाकच वाटते. पण रात्री समोरून दिवे आले, की प्रत्येक कणावर प्रकाशाचं विकिरण होतं आणि क्षणभर सगळी काच पांढरी होते. त्या क्षणात रस्ता ओलांडणारं पोर दिसेलच असं नाही. म्हणून स्वतःच्या गाडीइतकंच आपली मुलं ज्या व्हॅनमधून शाळेत येतात, तिच्या काचेकडेही एकदा बघा.

आता ओळखायचं कसं? काच आधी भरपूर पाण्याने धुवा, सावलीत सुकू द्या आणि स्वच्छ बोट फिरवा. खरखरीत लागलं तर वर थर आहे. गुळगुळीत आहे पण नख एखाद्या रेघेत अडकतंय, तर तो ओरखडा आहे. दोन्ही नाही, तरी रात्री काच चकाकते? मग दोष बहुधा आतल्या बाजूला आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

क्षारांचे डाग काढायला घरातलं पांढरं व्हिनेगर पुरतं. त्यात साधारण ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल असतं. पाठ्यपुस्तकात ज्याला आपण दुष्फेन पाणी म्हणतो, त्याचा डाग मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे अंड्याच्या कवचात आणि खडूच्या दगडात असतं तेच. आम्ल लागलं की ते विरघळू लागतं. (वर्गात अंड्याचं कवच व्हिनेगरमध्ये टाकून बघा. बुडबुडे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे. मुलं हा प्रयोग विसरत नाहीत.) जुनं सुती फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून डागावर चिकटवा, दहा मिनिटं ओलं ठेवा, मग हलक्या हाताने पुसून भरपूर पाण्याने धुवा. ओघळ रंगावर किंवा रबरावर राहू देऊ नका. डाग जुना असेल तर दोन-तीनदा करावं लागतं. एवढं करूनही गेला नाही, तर तो सिलिकाचा असू शकतो किंवा काचच वरून खरवडली गेली असेल. तिथे व्हिनेगरचा उपयोग नाही.

संडास साफ करायचं ॲसिड मात्र कुणी कितीही सांगितलं तरी वापरू नका. रंग, धातूच्या पट्ट्या आणि तुमचा श्वास, तिन्हीला त्रास. आणि कुठलंही आम्ल ब्लीचिंगच्या द्रवात मिसळायचं नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

एक गोष्ट अनेक घरांत दिसते. आरओच्या शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी बादलीत साठवून त्याने गाडी धुतात. पाणी वाचवायची भावना चांगलीच आहे, पण गाळून बाजूला काढलेले क्षार त्याच पाण्यात जास्त प्रमाणात असतात! ते फरशीला वापरा. काचेला शेवटचा हात पिण्याच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा द्या, एक तांब्या पुरतो. आणि काच वाऱ्यावर सुकू न देता लगेच कोरडी पुसा. पाणी उडालंच नाही तर डाग पडणार कुठून?

काचेचं खरं नुकसान करतं ते सकाळी घाईत कोरड्या फडक्याने धूळ पुसणं. काठिण्याच्या मोह्स मापावर काच साधारण ५.५ आणि वाळूतलं क्वार्ट्‌झ ७. म्हणजे धुळीतली वाळू काचेपेक्षा कठीण. कोरडं पुसणं म्हणजे काचेवर पॉलिश पेपर फिरवणंच झालं. कोरड्या काचेवर वायपर चालवणंही तेच, आणि उन्हाने कडक झालेलं वायपरचं रबर तर कमानीसारखे ओरखडे पाडतं. नवं रबर काचेच्या मानाने फारच स्वस्त, दर पावसाळ्याआधी बघून घ्या. भांड्याची हिरवी घासणीही दूरच ठेवा.

ओरखड्यांवर टूथपेस्ट लावायचा सल्ला सगळीकडे फिरतो. त्याने ओरखडा भरत नाही. फार तर अगदी वरवरच्या खुणा मंदावतात. सेरियम ऑक्साइडच्या पॉलिशने बारीक रेघा जातात, पण नख अडकेल एवढी रेघ घालवायला काच इतकी घासावी लागते, की तिथे खळगा होऊन पलीकडचं दृश्य वाकडं दिसू लागतं. चालकाच्या नजरेसमोर असा ओरखडा असेल तर घरचे प्रयोग नकोत, काच बदला.

आता आतली बाजू. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ काचेवर तेलकट थर बनून बसते. पाण्याच्या फडक्याने तो फक्त पसरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, दारं उघडी ठेवा, एका मायक्रोफायबर कापडाने लावा आणि दुसऱ्या कोरड्याने पुसा. आतून उभे हात मारा, बाहेरून आडवे. मग रेघ राहिलीच तर ती कुठल्या बाजूची, ते लगेच कळतं. मागच्या काचेचा अपवाद: तिच्यावर आतून तांबूस आडव्या तारा असतील तर त्या दव घालवणाऱ्या आहेत. तिथे हात तारांच्या दिशेनेच, आडवा फिरवा, कारण एक तार तुटली की तेवढा पट्टा धुकटच राहतो.