बेतातली डोंगरी सायकल (भाग ५) : एक किलो आणि एक बेदाणा

गेल्या भागात फ्रेम ठरली. ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमची, २९ इंची चाकांची, मागचं चाक १२० मिलिमीटर वरखाली होऊ देणारी, शॉक धरून ३.४ किलोची. आता तिच्यावर काय चढवायचं आणि हातातले पैसे आधी कुठं घालायचे, ते बघू.

त्याआधी आपल्या सांगली भागातल्या कुठल्याही सायकल दुकानात दिसणाऱ्या ‘डबल शॉकवाली’कडे एकदा नीट पाहून घेऊ. दहा-पंधरा हजारांची लोखंडी सायकल, मधोमध लालभडक स्प्रिंग. पोरं त्या स्प्रिंगकडं बघूनच हट्ट धरतात. वजन बहुधा १८ किलोच्या आसपास, पण तिचा खरा दोष वजन नव्हे. त्या स्प्रिंगला आवरणारं काही नाही, हा खरा दोष. दबलेली स्प्रिंग साठवलेली शक्ती जशीच्या तशी परत फेकते. खऱ्या शॉकमध्ये स्प्रिंगसोबत तेल असतं. ते बारीक छिद्रांतून ढकललं जाताना उसळीची उष्णता होते आणि चाक शांतपणे जमिनीला टेकतं. मोटरसायकलचा शॉक तेल गळून मेला की मागचं चाक कसं नाचतं, ते ठाऊक असेलच. ही सायकल पहिल्या दिवसापासून तशीच नाचते, आणि चढावर पायडलचा प्रत्येक दाब झोक्यात जिरतो.

वजन हा खरा दोष नसला, तरी आपली सायकल हलकी हवीच. पण किती हलकी, आणि हलकी कुठं?

आकडेमोड सोपी आहे. एक किलो वजन शंभर मीटर उंच न्यायला सुमारे ९८० ज्यूल लागतात, म्हणजे पाव किलोकॅलरीहूनही कमी. शरीर अन्नातल्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोचवतं, तेव्हा खर्च धरा एक किलोकॅलरी. शंभर ग्रॅम बेदाण्यात तीनशेच्या आसपास किलोकॅलरी असतात. म्हणजे सायकलीवरचा जादा किलो शंभर मीटर चढवायला अर्ध्या ग्रॅमचा एक बेदाणा पुरून उरतो! वेळेचा हिशेबही करू. स्वार, पाणी आणि सायकल मिळून ८० किलो असतील, तर एक किलो म्हणजे सव्वा टक्का. वीस मिनिटांच्या उभ्या चढात पंधरा सेकंद. शर्यतीत पंधरा सेकंद फार असतात. रविवारी सकाळी दंडोबाच्या डोंगरावर जाणाऱ्याला ते पाणी प्यायला थांबण्यातच जातात.

मग हलकेपणाचा सोस सोडावा का? तसंही नाही, पण सगळंच वजन वाईट नसतं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुल्हावीनं डोंगरी सायकलींच्या शर्यतीचं सुवर्ण फुल सस्पेन्शन सायकलीवर जिंकलं. त्याच्यामागून दुसरा आलेला निनो शुर्टर हार्डटेलवर होता, म्हणजे मागं शॉक नसलेल्या सायकलीवर. मागच्या दुव्यांचं आणि शॉकचं वजन वाहूनही कुल्हावी पुढं राहिला. चाक जमिनीला धरून राहिलं की वाहिलेलं वजन वसूल होतं. त्या चाकाला जमीन धरायला जे मदत करतं ते वजन ठेवायचं, जे आड येतं ते काढायचं.

आड कोणतं येतं? सायकलीचे दोन भाग करा. शॉकच्या वरचा आणि शॉकच्या खालचा. वर फ्रेम, हँडल, सीट आणि आपण स्वतः, मिळून सत्तरेक किलो. खाली मागचं चाक, टायर, गिअरची चकती, डिस्क आणि मागच्या दांड्या, सगळं मिळून साडेतीन-चार किलो. चाक दगडावर आदळतं तेव्हा हे चार किलो झटक्यात वर जातात आणि शॉकला त्यांना थोपवून पुन्हा खाली आणावं लागतं. टायरमध्ये ३०० ग्रॅम वाचवले, तर शॉकला आवरायचं ओझं जवळजवळ बारावा हिस्सा कमी झालं. तेच ३०० ग्रॅम हँडल-सीटमधून काढले, तर वरच्या सत्तर किलोंत अर्धा टक्काही फरक नाही. शिवाय टायर आणि रिम फिरतात. सायकलीला वेग देताना काठावरचा एक ग्रॅम जवळपास दोन ग्रॅमची शक्ती खातो. म्हणून पैशाची वाट खालून वर न्यायची.

पहिला खर्च टायरचा. लोखंडी तारेच्या काठाऐवजी घडी होणारा टायर घेतला की एकामागं शंभर-दोनशे ग्रॅम सहज जातात. २९ इंची साधी ट्यूब दोनशे-अडीचशे ग्रॅमची असते. ती काढून ट्यूबलेस केलं आणि चाकामागं शंभर मिलिलिटर सीलंट घातलं, तर दोन्ही चाकांत मिळून पाव किलोच्या आसपास वाचतं. आपल्याकडं बांधाबांधाला बाभूळ आणि वाटेवर सराटे. बारीक काट्याचं भोक सीलंट आपोआप बुजवतं, हा फायदा वजनापेक्षा मोठा. फक्त उन्हाळ्यात ते लवकर आटतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी भर घालावी. टायर मात्र कागदासारखा पातळ घेऊ नका. मुरमातला टोकदार दगड बाजूची भिंत फाडतो, आणि ती फाट सीलंटला बुजत नाही.

दुसरा खर्च पुढच्या फोर्कचा. स्प्रिंगचा स्वस्त फोर्क अडीच किलोच्या वर भरतो, हवेचा १२० मिलिमीटरचा दोन किलोच्या आत येतो. इथं अर्ध्या किलोहून जास्त वाचतंच, शिवाय हवा कमी-जास्त करून फोर्क आपल्या वजनाला जुळवता येतो.

तिसरी गोष्ट तर खर्च वाचवणारी. पुढं एकच चकती ठेवा. पुढचा गिअर बदलणारा सांगाडा, त्याचा खटका, केबल आणि जादा चकत्या गेल्या की चारशे ग्रॅमच्या आसपास उतरतात. मागं १० ते ५१ दात्यांची शिमानो डिओर पुरेशी आहे. तिचं वजन सहाशे ग्रॅमच्या जवळ, तर शिमानोच्याच महागड्या एक्सटीचं ४७० च्या आसपास. ही चकती शॉकच्या खालीच बसते, म्हणून मोह होतो. पण दाते झिजतात आणि चकती पुन्हा घ्यावीच लागते. एक्सटी तेव्हा घ्या.

कार्बनचं हँडल, टायटॅनियमचे बोल्ट, नखाएवढी सीट, ही यादी तूर्त गुंडाळून ठेवा. यातला जवळजवळ प्रत्येक ग्रॅम शॉकच्या वर बसतो आणि सगळ्यात महाग पडतो. ब्रेक, हँडल आणि त्याचा स्टेम, रिम यांवर तर वजनासाठीही आणि पैशासाठीही तडजोड नको. हे तुटलं तर सरळ दवाखाना.

आता सगळं तोलू. फ्रेम-शॉक ३.४, फोर्क १.९, टायर सोडून चाकं २.०, टायर आणि सीलंट १.८, क्रँकपासून चेनपर्यंतचा गिअरचा सरंजाम २.१५, ब्रेक ०.९, हँडल-सीट वगैरे १.२, पायडल ०.४, किरकोळ ०.१५. बेरीज १३.९ किलो. परदेशी शर्यतीतल्या कार्बन सायकली याहून दोन-तीन किलोंनी हलक्या असतात, पण त्या फरकाच्या किमतीत आपल्यासारखी दुसरी सायकल उभी राहील. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या किमतीची यादी घेऊन बसला असाल, तर ती एकदा ताजी करून घ्या.

जुनी फ्रेम घेणाऱ्यांसाठी एक सूचना. पुण्याच्या साइनाइड कंपनीनं ‘फ्युरान’ ही हार्डटेल फ्रेम काढली होती, पण फुल सस्पेन्शनची सुटी फ्रेम बहुतेक वेळा बाहेरून मागवावी लागते, म्हणून जुनीकडं ओढा असतो. घेण्याआधी मागचं चाक धरून आडवं हलवा. खुळखुळ जाणवली तर दुव्यांची बेअरिंगं बहुधा गेलेली आहेत. घाबरू नका. बहुतेक फ्रेममध्ये ती प्रमाणित मापाचीच असतात. कडेला कोरलेला नंबर, समजा ६९०२, वाचून सांगलीतल्या बेअरिंगच्या दुकानात विचारा. वेल्डिंगजवळ केसाएवढी जरी चीर दिसली, तर मात्र सौदा तिथंच मोडा.

द्राक्ष बागायतदारांसाठी आणखी दोन गोष्टी. फवारणीच्या एसटीपी पंपाची धार सायकलीच्या दुव्यांवर मारू नका. दाबानं पाणी सीलच्या आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि बेअरिंग गंजतं. आणि ऑक्टोबर छाटणीनंतर बोर्डो मिश्रण जिथं कालवता, त्या शेडमध्ये सायकल ठेवू नका. मोरचुदातलं तांबं अ‍ॅल्युमिनियम खातं. म्हणून तर ते मिश्रण प्लॅस्टिकच्या पिंपात करतात.

पुढच्या आठवड्यात शॉकमध्ये हवा भरू. आपल्या वजनाला किती दाब, सीटवर बसल्यावर शॉक किती दबू द्यायचा आणि तेलाचा लाल खटका किती फिरवायचा, हे ठरवायला एक शॉकपंप, मोजपट्टी आणि बांधाएवढा चढ-उतार पुरेसा आहे. तोवर घरातल्या काट्यावर स्वतःचं वजन करून ठेवा. हेल्मेट, बूट आणि भरलेल्या पाण्याच्या बाटलीसकट.